जिद्दीचं कौतुक पुरे

बाईच्या जिद्दीचं कौतुक सुरू झालं की मी सावध होते. समाजकार्याची पदवी घेऊन मानखुर्दच्या वस्तीत कामाला लागले त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत हे कौतुक मी फार वेळा ऐकलं. नळाला पाणी नाही, ती पहाटे तीनला उठून हंडे भरते. किती जिद्दीची! नवरा पगार गुत्त्यावर ठेवून येतो, ती चार घरची भांडी घासून पोरं शिकवते. किती जिद्दीची! पाणी देणं महापालिकेचं काम होतं, घर चालवणं दोघांचं काम होतं, हे त्या कौतुकात कुठेच नसतं. जिद्द हा शब्द असा सोयीचा आहे की तो उच्चारला की देणेकरी सुटतो.

या शब्दाशी आज मला भांडायचंय, आणि निमित्त आहे फुटबॉलचं. काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत.

मी कोल्हापूरची. तिथे फुटबॉल हा खेळ नाही, पेठेचा मानपान आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या पेठेत दुपारची दुकानं अर्धवट उघडी असायची. संघ तालमींचे. तालीम म्हणजे पुरुषांचा आखाडा, म्हणून संघही त्यांचा, जल्लोषही त्यांचा, हरल्यावरचा राडाही त्यांचाच. पोरींना संघाचा रंग माहीत असायचा, कारण भावाचा शर्ट धुवायला तोच असायचा. मी भावाच्या मागे लागून दोन-तीनदा सामना बघितला. वयात आल्यावर 'आता गर्दीत नको' म्हणून तेही बंद झालं. पण वेड लागायचं ते लागलंच. 'तुझी टीम कुठली?' असं कुणी विचारलं की पेठेचं नाव सांगायची माझी हिंमत होत नाही. त्या टीमनं मला कधी आपलं म्हटलंच नाही. म्हणून टीम निवडायची मोकळीक मी माझ्याकडे घेतली आहे, आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण देत नाही.

२०२२ च्या जानेवारीत बायकांचा आशिया चषक आपल्याकडे झाला. नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. आमच्या मानखुर्दहून नेरूळ चौथं स्टेशन. आशिया चषकात भारताच्या मुली २००३ नंतर पहिल्यांदाच खेळणार होत्या आणि तेही आपल्या अंगणात. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नाही असं आधीच जाहीर झालं होतं, तरी आमच्या केंद्रातल्या मुली हरखल्या होत्या. २० जानेवारीला इराणशी सामना झाला, शून्य-शून्य बरोबरी. २३ तारखेला चिनी तैपेईशी खेळायचं होतं, तर संघात करोना पसरला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूसुद्धा उभ्या राहीनात. सामना रद्द. भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं, आणि इराणविरुद्धचा तो एक गुणही पुसला गेला. वीस वर्षं वाट पाहून मिळालेली स्पर्धा एका सामन्यात संपली. त्या मुलींनी काय चूक केली होती? त्यांना ठेवलं तिथे राहिल्या, सांगितलं ते पाळलं. जबाबदारी कुणाची यावर मोठी माणसं एकमेकांवर ढकलाढकली करत राहिली.

आपल्या गटात चीन होता. २६ जानेवारीला आपला त्यांच्याशी सामना व्हायचा होता, तो झालाच नाही. आपल्या मुली गेल्यावर मी त्या चीनची पाठराखण करायला लागले. गलवाननंतरच्या दिवसांत हे बोलणं सोपं नव्हतं. शेजारच्या काकांनी तर मला थेट 'चिनी बाई' म्हणायला सुरुवात केली. म्हणोत. त्या खेळाडूंनी कुठली हद्द ओलांडली होती?

३ फेब्रुवारीला बालेवाडीत जपानविरुद्ध उपांत्य सामना होता. चीन दोनदा मागे पडला, दोनदा बरोबरीत आला. दुसऱ्यांदा तर जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणांत, ११९व्या मिनिटाला. मग पेनल्टींवर जिंकला. आणि तीन दिवसांनी नेरूळला अंतिम सामना, दक्षिण कोरियाशी. कोरियाच्या बायका पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोचल्या होत्या. २७व्या मिनिटाला चोई यु-रीनं गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर चीनच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी मिळाली, जी सो-युननं ती शांतपणे आत घातली. दोन-शून्य. फुटबॉल बघणाऱ्याला ठाऊक असतं, अंतिम सामन्यात दोन गोलांची पिछाडी म्हणजे काय.

आमच्या केंद्रात आम्ही नऊ जणी एका फोनभोवती कोंडाळं करून बसलो होतो. मध्यंतराला मुली उठायला लागल्या. 'ताई, संपलं आता, घरी स्वयंपाक आहे.' पाच जणी गेल्या. चौघी राहिल्या.

६८व्या मिनिटाला आता कोरियाच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला आणि तांग च्यालीनं पेनल्टीवर गोल केला. चारच मिनिटांनी तिनंच बाजूनं चेंडू आत टाकला आणि झांग लिनयाननं डोक्यानं मारून बरोबरी केली. ही झांग म्हणजे मैदानातली सगळ्यात बुटकी पोरगी, उंची दीड मीटरच्या जेमतेम वर, आणि गोल डोक्यानं! आमच्या केंद्रातली सर्वांत बुटकी मुलगी उभी राहून ओरडली ते मला अजून ऐकू येतं. आणि मग जादा वेळ खेळावा लागणार असं वाटत असताना, ९० मिनिटं उलटून गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला श्याओ युयीनं तिसरा गोल केला. तीन-दोन. चीनचा हा नववा आशिया चषक, पण आधीचा २००६ चा. सोळा वर्षांनी.

तो दिवस ६ फेब्रुवारी. सकाळीच लताबाई गेल्या होत्या. अख्खी मुंबई शिवाजी पार्ककडे लागलेली. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्यांचाच असणार, त्याबद्दल तक्रार करणारी मी कोण? पण त्याच दिवशी अहमदाबादला भारतीय पुरुषांचा हजारावा एकदिवसीय क्रिकेट सामना झाला, त्याला मी घेते त्या पेपरात फोटोसकट जागा मिळाली. आशिया खंडातला बायकांचा सर्वांत मोठा फुटबॉल सामना आपल्या नेरूळला झाला, त्याला मिळाल्या चार ओळी. आणि त्या चार ओळींत शब्द होता: जिद्द.

इथेच माझं भांडण सुरू होतं.

तो सामना जिद्दीवर जिंकलेला नाही. जिद्द कोरियाच्या बायकांकडे कमी होती काय? सामना जिंकला तो बाकानं. बरोबरी करणारी झांग आणि विजयी गोल करणारी श्याओ, दोघी बदली खेळाडू. त्यांच्या संघातली सर्वांत नावाजलेली वांग श्वांग घोट्याच्या दुखापतीमुळे खेळूच शकली नव्हती, तरी बाकावर अशा पोरी बसलेल्या होत्या की त्यांना उठवून मैदानात धाडलं तर त्या आशियाचा चषक आणतील. त्यांना कुणीतरी वर्षानुवर्षं खाऊ घातलं होतं, शिकवलं होतं, सामने खेळवले होते, आणि एकीला दुखापत झाली म्हणून दुसरी आकाशातून पडली नव्हती. आणि मध्यंतराला कपडे बदलायच्या खोलीत निर्णय घेणारी एक बाई होती. शुई छिंगश्या. स्वतः १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघातली खेळाडू. तिला प्रशिक्षक केलं २०२१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे टोकियोत चीनचा संघ ब्राझीलकडून पाच-शून्य आणि नेदरलँड्सकडून आठ-दोन असा धुतला गेल्यानंतर. घर कोसळल्यावर किल्ल्या बाईच्या हातात द्यायच्या, ही रीत तिकडेही आहे म्हणायची. पण दिल्या. आणि तिला हवे ते बदल करायची मुभा होती.

चीनच्या व्यवस्थेची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. तिथल्या क्रीडाशाळांत कोवळ्या पोरींना कसं पिळतात ते आपण वाचलेलं आहे. याच सुमाराला, २०२१ च्या नोव्हेंबरात, पेंग शुआई या टेनिसपटूनं एका माजी उपपंतप्रधानावर लैंगिक बळजबरीचा आरोप केला आणि तिचं लिखाण अर्ध्या तासात नाहीसं झालं. पुढे काही दिवस तीही नाहीशी झाली. चषक उंचावणाऱ्या बाईचा आणि तोंड दाबलेल्या बाईचा देश एकच. आणि नववर्षाच्या दिवशी व्हिएतनामकडून तीन-एक असे हरलेले त्यांचे पुरुष फुटबॉलपटू बायकांच्या कितीतरी पट कमावतात, यावरून तिथल्या लोकांनीच पुढचे कित्येक दिवस बोंब मारली. माझा मुद्दा एवढाच की पिछाडी भरून काढायला काय लागतं ते त्या नव्वद मिनिटांत उघडं दिसलं. मैदान लागतं, बाक लागतो, मध्यंतर लागतं, आणि दोन गोल खाल्ल्यावरही 'चल, घरी चल' असं न म्हणणारं कुणीतरी लागतं.

हे शेवटचं आपल्या पोरींना कुठे मिळतं?

आमच्या वस्तीतलं एक घर सांगते. मुलगा दहावीला दोनदा नापास झाला. बापानं तिसऱ्यांदा फॉर्म भरला, क्लास लावला, मामानं शपथा घातल्या, तिसऱ्या खेपेला तो सुटला. त्याच्या पाठची बहीण गणितात एकदाच गेली. जून उजाडायच्या आत तिला शिलाईच्या कामाला बसवलं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, 'ताई, हिला जमतच नाही, उगाच कशाला पैसा घालायचा?' ती आई वाईट नाही. तिनं स्वतःच्या आयुष्यात दुसरं सत्र पाहिलेलंच नाही, तर लेकीला कुठून देणार? मुलाला नव्वद मिनिटं आणि वर जादा वेळ, मुलीला पहिल्या गोलाला लाल कार्ड. सासरहून मार खाऊन आलेल्या लेकीला दोन रात्री माहेरी काढायची सोय नसते आणि वर तिला सांगतात, जिद्दीनं संसार कर.

बायका खेळात मागे आहेत असं म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. मागे राहिल्या की मागे ठेवल्या? १९२० सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली होती. डिक, कर या कारखान्यातल्या कामगार बायकांचा संघ, आणि पैसा जायचा धर्मादाय कामाला. वर्ष पुरतं उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. फुटबॉलची पंढरी म्हणवणाऱ्या ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला आणि तो १९७९ पर्यंत उठला नाही. आधी मैदानाला कुलूप लावायचं, मग म्हणायचं की बघा, यांना पळता येत नाही. आणि एखादी कुंपणावरून उडी मारून आत आलीच, तर तिच्या जिद्दीचं कौतुक.

आपल्याकडे कुलूप दिसत नाही, एवढाच फरक. त्याच २०२२ सालाचा हिशेब मांडा. जूनमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना सहाय्यक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला परत पाठवून काढून टाकावं लागलं. ऑगस्टमध्ये महासंघातल्या पुरुषांच्या खुर्च्यांच्या भांडणापायी जागतिक संघटनेनं, म्हणजे फिफानं, भारताला निलंबित केलं. त्याच वेळी गोकुलम केरळ या क्लबच्या बायका आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. न खेळता परत आल्या. अकरा दिवसांनी निलंबन उठलं, स्पर्धा थोडीच थांबणार होती? ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपली कर्णधार अस्तम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गौरवासाठी गावात रस्ता बांधायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप मजुरी करत होते, ही बातमी सगळ्यांनी गहिवरून छापली. गहिवरायचं काय त्यात? लेकीच्या नावाच्या रस्त्यावर खडी टाकावी लागते ही लाज कुणाची? पण नाही, तिथेही मथळ्याला शब्द तोच.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये गोव्यात घडलं ते. हिमाचलच्या एका क्लबच्या मुली लीगसाठी आल्या होत्या. रात्री जेवण संपलं म्हणून दोघी खोलीत अंडी उकडत होत्या. क्लबचा मालक, जो राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीचाही सदस्य होता, त्यानं खोलीत येऊन मारहाण केली अशी तक्रार त्या दोघींनी केली. पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघानं निलंबित केलं. मला राहून राहून ती अंडी दिसतात. देशाच्या लीगमध्ये खेळणारी पोरगी, दिवसभर पळून आलेली, आणि रात्री अंडं उकडलं तर त्याचाही गुन्हा. भाऊ रात्री उशिरा आला तर त्याच्यासाठी ताट झाकून ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

इतकं सगळं असूनही ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात दोन-एक हरवलं. जागतिक क्रमवारीत आपण ७०व्या, त्या ४६व्या. संगीता बासफोरनं पहिल्या सत्रात गोल केला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी केली, आणि सगळ्यांना वाटलं की आता आपलं नेहमीचं होणार. ७४व्या मिनिटाला संगीतानंच दुसरा मारला. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठायची ही भारताची पहिलीच वेळ. नेरूळला जे हातातून काढून घेतलं गेलं होतं ते साडेतीन वर्षांनी परत मिळवलं. मी रडले, लपवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर जिद्द, जिद्द, जिद्द. अहो, त्याआधी याच मुलींनी मंगोलियाला तेरा गोल, तिमोर-लेस्तेला चार आणि इराकला पाच गोल घातले होते. हे जिद्दीनं होतं काय? हे पायानं होतं, डोक्यानं होतं, रोजच्या सरावानं होतं. त्यांना कामगार म्हणून मोजा. दिवसाला किती तास काम, काय मजुरी, किती सामने, दुखापत झाली तर औषधपाण्याचं कोण बघतं, ते विचारा. कौतुक नंतर करा.

आता आपल्या घरातलं बोलते. संघटनेच्या गेल्या बैठकीत मी मैदानाचा विषय काढला तर एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, 'रेशन बंद पडलंय, पाण्याचे हाल आहेत, आठवड्याला तीन मारहाणीच्या केसेस येताहेत, आणि तू चेंडू घेऊन कुठे बसलीस?' तिच्या कामाबद्दल मला आदर आहे, तिच्याच हाताखाली मी शिकले. पण हे मला पटत नाही. मैदान ही सार्वजनिक मालमत्ता आहे, रेशनच्या दुकानासारखीच. आमच्या वस्तीजवळच्या पालिकेच्या मैदानात सकाळी मुलगे, दुपारी मुलगे, संध्याकाळी मुलगे, आणि रात्री दारू पिणारे बाप्ये. निम्म्या वस्तीनं तिथे पाऊल टाकलेलं नाही. शेजारी जाळी लावून टर्फ झालंय, त्याचा तासाचा दर आमच्या बायकांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढा. मग मुलींनी पळायचं कुठे? गल्लीत, गटारीच्या कडेनं. आणि आपण काय करतो? आठ मार्चला मांडव घालून संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा ठेवतो. चमचा तोंडात धरून, लिंबू पडू न देता, हळूहळू चालायचं! बाईनं कसं चालावं याचा याहून नेमका धडा पुरुषांनासुद्धा सुचला नसता.

मारहाणीच्या केसबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव सांगते. आमच्या गटात सुरुवातीला चौदा मुली होत्या. त्यातल्या दोघींनी घरात हात उगारला गेला तेव्हा केंद्रात येऊन सांगितलं. एरवी हे कळायला आम्हाला वर्षं लागतात. त्या का आल्या? कारण रविवारी एकमेकींना धडकून, पडून, उठून त्यांना कळलं होतं की लागलं तर ओरडायचं असतं, आणि शिट्टी वाजवून खेळ थांबवता येतो. हा काही शास्त्रीय निष्कर्ष नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर झालं ते सांगतेय.

त्या चौदातल्या आता नऊ उरल्यात. एकीचं लग्न झालं, दोघी गावी गेल्या, दोघींना घरच्यांनी बंद केलं. फुटबॉलला लागतात अकरा. बाक तर सोडाच.

म्हणून आम्ही वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात, मैदान फक्त मुलींना. त्या वेळेत संडासाचं कुलूप उघडं हवं आणि दोन्ही दिवे चालू हवेत. साहेबांनी अर्ज बघून विचारलं, 'किती मुली येणार ते आधी लिहून द्या, रिकामं मैदान अडवून ठेवता येणार नाही.' मुलग्यांकडून असा आकडा कधी लिहून घेतला होता काय, असं आम्ही विचारलं. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी अकरा वाजता आम्ही पुन्हा जाणार आहोत. नऊ मुली, त्यांच्यातल्या सहा जणींच्या आया आणि मी. अर्जावर सह्यांसाठी जागा अजून पुष्कळ आहे.